लोगिपीची गणती

बारागोईच्या धावपट्टीवर त्या सकाळी नासिएकूने जे पाहिलं त्यातलं काहीच तिला आवडलं नाही. तिचा नेहमीचा वैमानिक, पोट सुटलेला म्हातारा म्वांगी, कुठे दिसत नव्हता. आणि विमानाच्या दारातून कुणी अनोळखी माणूस झाडूने हिरवा पाला बाहेर लोटत होता… वर शीळही घालत होता.

"अहो! म्वांगी कुठे आहेत?"

शीळ थांबली. उंच, सडसडीत, काळाभोर माणूस दारात येऊन उभा राहिला. हातातला झाडू त्याने घाईघाईने पाठीमागे लपवला, जणू चोरी पकडली गेली.

"हिवतापाने आडवे झालेत, मॅडम. त्यांच्याऐवजी मी."

"आणि हा पाला?"

"मिरा. काल मेरूहून भरून आणला. इकडची माणसं तो चघळल्याशिवाय डोळे उघडत नाहीत ना!"

"बकरीचाही वास येतोय."

"बकरी एकच होती," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "आणि तिचं तिकीट काढलेलं होतं."

नासिएकूला हसायचं नव्हतं. तिने तोंड फिरवून कॅमेऱ्याची पिशवी उगाच उघडली, उगाच बंद केली. त्याने कागदाच्या पुडीतून एक गरम मांदाझी काढून तिच्यापुढे धरली. तळलेल्या पिठाचा वेलचीभरला वास आला आणि तिला आठवलं, आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

"नाव काय तुमचं?" मांदाझी घेत तिने विचारलं.

"एकाल."

तिचा हात थांबला. एकाल. म्हणजे तुर्काना जमातीचा.

"तुमचं?"

"नासिएकू."

आता त्याचा चेहरा बदलला. फार नाही, डोळ्यांपुरताच. नासिएकू, म्हणजे सांबुरू. गावाच्या रस्त्याच्या एका बाजूला तुर्कानांची घरं, दुसऱ्या बाजूला सांबुरूंची. गुरं पळवण्यावरून दोन्हीकडची किती माणसं मातीत गेली याची गणती कुणी ठेवत नव्हतं, पण प्रत्येक घराला आपापली नावं तोंडपाठ होती. काही आठवड्यांपूर्वीच एक हल्ला झाला होता. त्याचं उत्तर दिलं गेलं होतं. आता त्या उत्तराच्या उत्तराची वाट बघत सगळे बसले होते.

"मॅडम," एकाल हळूच म्हणाला, "नको असेल तर तसं सांगा. मी नैरोबीला फोन करतो, दुसरा वैमानिक येईल. पण उद्या… किंवा परवा."

उद्या चालणार नव्हतं. देशातल्या सगळ्या सरोवरांवर पाणपक्ष्यांची गणती याच दिवसांत व्हायची होती. फ्लेमिंगो एका रात्रीत एक सरोवर सोडून दुसरीकडे जातात. लोगिपी सरोवर आज राहिलं तर तिथले हजारो पक्षी एक तर मोजायचे राहिले असते, नाहीतर दोनदा मोजले गेले असते. वर्षभराची मेहनत पाण्यात.

"विमान चालवता येतं ना नीट?" तिने विचारलं.

"बकरीने तक्रार केली नव्हती."

या वेळी मात्र तिला हसू आवरलं नाही.

* * *

तिच्या बाजूचं दार काढून टाकलेलं होतं. पट्टा आवळून, अर्धं अंग बाहेर काढून ती बसली होती. वारा केसांतून, कानांतून, बाह्यांतून घुसत होता. सांबुरूंच्या टेकड्या मागे पडल्या, कडा एकदम संपला आणि खाली सुगुताचं खोरं उघडलं. तापलेलं, करपलेलं, राखेच्या रंगाचं. त्याच्या पार टोकाला एक गुलाबी रेघ.

"अरे देवा…" कानातल्या यंत्रातून एकालचा आवाज आला. "ते सगळे पक्षी आहेत?"

"पहिल्यांदाच बघताय?"

"यावरून शंभरदा गेलोय. पण मागे मिराची पोती असली की माणूस खाली बघत नाही."

"आज बघा. पण समोरही बघा!"

"दोन्हीकडे बघायचं म्हणजे अवघड आहे… त्यात तुम्ही उजवीकडे बसलाय."

तिने चटकन कॅमेरा डोळ्याला लावला. चेहरा लपवायला कॅमेऱ्यासारखी चांगली वस्तू नाही.

काम सुरू झालं. काठाकाठाने सरळ रेषेत उडायचं, एका फोटोची कड दुसऱ्यात येईल अशा बेताने फोटो घेत जायचं, आणि नंतर पडद्यावर एकेक ठिपका मोजायचा. एकालचा हात पक्का होता. विमान जणू दोरीवरून सरकत होतं. लांब बोटं, नखाच्या कडेला ग्रीसची रेघ… नासिएकूने स्वतःला दटावलं. हे काय चाललंय आपलं?

पण उष्णतेने हवा थरथरत होती, आणि फोटो पुसट येत होते. गुलाबी डाग होते, ठिपके नव्हते.

"अजून थोडं खाली," ती म्हणाली.

"पक्षी बिचकतील. हा नियम तुमचाच ना?"

"थोडंसंच. हा एकच पट्टा."

"मॅडम…"

"एकच, एकाल!"

त्याने एक निःश्वास टाकला आणि नाक खाली केलं. आता फोटोत पाय दिसू लागले, वाकलेल्या चोची दिसू लागल्या. तिच्या तोंडून आनंदाचा चीत्कार निघाला. तेवढ्यात खालच्या खडकामागून पांढऱ्या पेलिकनांचा एक थवा गरम हवेवर गिरक्या घेत वर आला. एवढे मोठे, एवढे जवळ… तिच्या कॅमेऱ्यात अख्खा एक पंख भरला.

धाड!

विमान हुडहुडी भरल्यासारखं थरथरायला लागलं. पंख्याचं एक पातं तुटलं होतं. एकालने इंजिन बंद केलं, आणि एकाएकी इतकी शांतता पसरली की नासिएकूला खालच्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला.

"कॅमेरा पोटाशी धर. डोकं खाली," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की तिला जास्तच भीती वाटली. मग तो यंत्रात कुणाला तरी हाका मारू लागला. आपण कुठे आहोत, दोघं आहोत, खाली उतरतोय. उत्तरादाखल नुसती खरखर.

चाकं वाळलेल्या चिखलाला लागली, उडाली, पुन्हा लागली. वरची खारी पापडी फुटली, पुढचं चाक आत रुतलं, आणि विमान नाकावर उभं राहून परत मागे आदळलं.

पिसं, धूळ, पेट्रोलचा वास. आणि आकाशभर गुलाबी गोंधळ.

"नासिएकू? ऐकतेयस का? काहीतरी बोल!"

"आहे… मी आहे. तू?"

"डावा पाय अडकलाय. तुझ्याने ओढवेल का बघ."

तिने ओढला. तो ओरडला नाही, फक्त तिच्या खांद्यात त्याची बोटं रुतली. 'मॅडम' आणि 'तुम्ही' कुठेतरी वर हवेतच राहिले होते. त्याकडे तेव्हा दोघांचंही लक्ष गेलं नाही.

* * *

घोट्याच्या वर हाड मोडलं होतं. नासिएकूने कॅमेऱ्याचा पट्टा आणि आसनाच्या पाठीची एक फळी घेऊन पाय बांधला. पंखाच्या सावलीत दोघं टेकून बसले. काठावरून सडक्या अंड्यांसारखा, कोंदट वास येत होता. पाण्याचे दोन डबे होते. संकटाची खबर आपोआप द्यायचं यंत्र होतं, पण त्याचा दिवा काही केल्या लागत नव्हता.

"चूक माझी," ती म्हणाली. "मी तुला खाली यायला लावलं."

"दांडा माझ्या हातात होता."

"पण मी हट्ट केला नसता तर…"

"नासिएकू, भांडायचं असेल तर भांडू. पण पाणी कमी आहे, थोडक्यात भांड."

ती हसली. मग तिचे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती सरोवराकडे बघत राहिली.

"दुपारपर्यंत परतलो नाही की ते शोधायला निघतील," तो म्हणाला. "संध्याकाळी, नाहीतर उद्या सकाळी विमान येईल. भीती त्याची नाही."

"मग कशाची?"

त्याने मान फिरवून दोन्हीकडे पाहिलं. पश्चिमेला लोरियूचा काळा कडा, पूर्वेला सांबुरूंच्या निळसर टेकड्या.

"विमान पडताना धूळ सगळ्यांनी पाहिली असेल. त्या बाजूने कुणी आलं तर माझे. या बाजूने आलं तर तुझे."

एवढंच बोलून तो थांबला. पुढचं सांगायची गरज नव्हती.

"तुझे आले तर तू काय सांगशील?" तिने विचारलं.

"सांगेन, ही बाई मला मांदाझी देणं लागते. हिला हात लावायचा नाही."

"मी खाल्ली ती! देणं कसलं?"

"खाल्लीस म्हणून तर देणं!"

तिने मूठभर चिखलाची पापडी त्याच्या अंगावर फेकली. उडून गेलेले पक्षी हळूहळू परतत होते. आधी एक रांग, मग दहा, मग सगळा काठ पुन्हा गुलाबी. विमानामुळे इतका गोंधळ झाला होता हे त्यांना आठवतही नव्हतं. माना खाली, चोची पाण्यात, एका लयीत चालणं. त्यांची गुरगुर ऐकता ऐकता छातीतली धडधड जरा खाली बसली.

"मोजूया?" एकाल म्हणाला.

"काय?"

"कामाला आलीस ना? नुसतं बसून राहिलो तर मी पायाचा विचार करत बसेन. शिकव मला."

तिने शिकवलं. हात लांब करून अंगठा धरायचा. अंगठ्याच्या नखाखाली किती पक्षी झाकले जातात ते आधी एकदा नीट मोजायचं, मग सबंध काठावर असे किती अंगठे बसतात ते बघायचं. त्याचा हात ती धरून सरळ करत होती, आणि तो मुद्दाम वाकडा करत होता.

"नीट धर!"

"दुखतंय गं."

"पाय मोडलाय तुझा, हात नाही."

थोड्या वेळाने त्याने आकडा सांगितला, "सतरा हजार एक."

"वरचा एक कुठून आला?"

"तो एकटाच मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्याला गठ्ठ्यात कसा घालू?"

नासिएकूने त्याच्याकडे पाहिलं. घामाने त्याचा चेहरा चमकत होता, वेदनेने ओठ पांढरे पडले होते, आणि हा माणूस तिला हसवायला बसला होता. तिच्या आत काहीतरी हललं… आणि ते तसंच हललेलं राहिलं.

"का करतोयस हे?" ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"हेच. थट्टा."

त्याने अंगठा खाली घेतला. मग म्हणाला, "सकाळी माझं नाव ऐकल्यावर तुझा हात थांबला. मला वाटलं, मांदाझी परत देणार. नाही दिलीस. तेवढ्यावर माझा दिवस चांगला चालला होता."

तिने कॅमेरा उचलला, लांबचं भिंग लावलं आणि टेकड्यांकडे रोखलं. निव्वळ काहीतरी करायचं म्हणून.

धूळ. धुळीत माणसं. तिघं. एक गाढव. भिंग फिरवून तिने स्पष्ट केलं. लाल कापडं, गेरूने माखलेल्या वेण्या, खांद्यावर बंदुका.

"कोण?" एकालने विचारलं.

"माझे," ती म्हणाली. हा शब्द तोंडातून काढताना तिला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली.

* * *

"ऐक," ती भराभर बोलू लागली, "मी सांगते तू लुह्या जमातीचा आहेस. नैरोबीचा. तुझं नाव…"

"नको."

"एकाल!"

"खिशात ओळखपत्र आहे, त्यावर बापाचंही नाव आहे. एक खोटं सापडलं की मग ते तुझंही खरं मानणार नाहीत. मला इथे सोड आणि तू पुढे जाऊन भेट. तुला काही करणार नाहीत."

"आणि तुला?"

त्याने खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याचाच तिला इतका राग आला की ती ताडकन उठली. "गप्प बस," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

तिघं आले. पुढे एक म्हातारा, हातात काठी, कानात हस्तिदंती कुडी. मागे दोन तरुण. त्यातल्या एकाची बंदूक खांद्यावरून खाली आलेली होती. नासिएकूने वाकून आपल्या माआ भाषेत नमस्कार केला. आपलं कूळ सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लेकी, जिवंत आहेस. बरं झालं. हा कोण?"

"वैमानिक. पाय मोडलाय त्याचा."

"नाव?"

ती एकालच्या आणखी पुढ्यात सरकली. बंदूकवाल्या तरुणाने जमातीच्या खुणा शोधत एकालकडे नीट पाहिलं. कपाळाकडे, हाडांकडे, खालच्या दातांकडे.

"तुर्काना आहे," तो म्हणाला. आवाज चढलाही नाही. "आजोबा, तुम्ही पोरीला घेऊन पुढे व्हा."

"लमार्ती, थांब."

"माझ्या भावाला पुरून अजून पाऊस पडला नाही, आजोबा. कशासाठी थांबू?"

बंदुकीचा खटका मागे ओढल्याचा आवाज झाला. लहानसाच होता. नासिएकूला वाटलं, आता आपले पाय आपल्याला इथून हलवतील. पण पाय हलले नाहीत. आणि तोंडातून शब्द निघाले, जे तिने ठरवलेलेही नव्हते.

"तो माझा होणारा नवरा आहे."

वारा थांबल्यासारखा झाला. लमार्तीने तिच्याकडे पाहिलं, जणू तिने त्याच्या तोंडात मारली होती. म्हातारा काठीवर रेलला.

"आमच्या कुळातली पोर, आणि तुर्काना नवरा?"

"हो."

"गाई कुणी आणल्या? बोलणी कुणी केली?"

"अजून नाही आणल्या. आणेल. पाय मोडलाय म्हटलं ना!"

म्हाताऱ्याने तिला हाताने बाजूला सारलं आणि तो एकालसमोर उकिडवा बसला. तो स्वाहिलीत बोलणार असं तिला वाटलं, पण तो माआतच बोलला, परीक्षा घेतल्यासारखा. "काय रे? ही म्हणते ते खरं?"

संपलं, नासिएकूच्या मनात आलं. याला काय कळणार!

एकालने घसा खाकरला आणि स्वच्छ, घरगुती माआत उत्तर दिलं, "आजोबा, मला हे तुमच्याबरोबरच कळतंय. पण खरं सांगू? मी नाही म्हणणार नाही."

दुसरा तरुण फिस्सकन हसला. म्हाताऱ्याचे खांदे हलू लागले. तो खोकला, हसला, पुन्हा खोकला. नासिएकूचे कान तापले. हा माणूस माआ बोलतो! म्हणजे मघाचा शब्दन् शब्द…

लमार्ती हसला नाही.

"आमची भाषा कुठे शिकलास?"

"शाळेत. तुमच्या पोरांच्या शेजारी बसत होतो, तेव्हा बाकं वेगळी नव्हती." एकाल थांबला. मग म्हणाला, "तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

"तुला काय करायचंय?"

"माझ्या भावाचं नाव एपेयोन. त्याच आठवड्यात गेला, तुझ्या भावानंतर. गुरं राखायला गेला होता, बंदूकही नव्हती त्याच्याकडे. त्याला मारणारा कोण ते मला ठाऊक नाही. तू असशील, नसशील. मी विचारणार नाही."

लमार्तीचा जबडा हलत राहिला. बंदुकीची नळी एकालच्या छातीवरच होती. नासिएकू परत त्यांच्यामध्ये सरकली. तिला वाटत होतं, आपण फार मोठ्याने श्वास घेतोय. म्हाताऱ्याने पाठीवरचा दुधाचा भोपळा काढला, स्वतः एक घोट घेतला आणि तो एकालच्या हातात दिला.

"पी."

एकाल प्यायला.

"आता याच्या पोटात आपलं दूध आहे, लमार्ती," म्हातारा म्हणाला. "मारायचा तर ते दूध आधी काढून घे. जमेल?"

लमार्तीने नळी खाली केली. तो तोंड फिरवून लांब जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने, कुणाकडेही न बघता तो म्हणाला, "लेकोरे. लेकोरे नाव होतं त्याचं."

"लेकोरे," एकालने म्हटलं.

त्यांनी त्याला गाढवावर बसवून झऱ्याजवळच्या आपल्या तळावर नेलं. लमार्ती सबंध वाट मागून चालला, बंदूक हातातच. आणि नासिएकू सबंध वाट त्या दोघांच्या मधून चालली. कुणीच तिला बाजूला हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताना शोधणारं विमान आलं.

* * *

नंतरचे आठवडे नैरोबीत गेले. एकाल इस्पितळात, नासिएकू पडद्यासमोर ठिपके मोजत. रोज फोन व्हायचा. पायाबद्दल, पक्ष्यांबद्दल, जेवणाबद्दल. तळ्याकाठच्या त्या एका वाक्याबद्दल मात्र एक अक्षरही नाही. दोघंही त्याला वळसा घालून बोलत होते, खड्ड्याला घालावा तसा.

बारागोईत मात्र ते वाक्य दोघांच्याही आधी पोचलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

नासिएकू घरी गेली तेव्हा आई दारात बसून शेळीचं दूध गाळत होती. तिने मान वर केली नाही. आईचा भाऊ अशाच एका हल्ल्यात गेला होता. त्या दिवसापासून आईने समोरचा रस्ता ओलांडला नव्हता. बाजार त्या बाजूला होता, तरी नाही.

"मी जीव वाचवायला बोलले, आई," नासिएकू म्हणाली.

"कुणाचा?"

आईने फडकं पिळलं.

"त्याला चालता येतं?"

"कुबडीवर."

"मग येऊ दे म्हणावं. गाडीतून नको, अंधारात तर मुळीच नको. दिवसाढवळ्या, पलीकडच्या पेट्रोलपंपापासून या दारापर्यंत चालत. दोन्हीकडची माणसं बघत असताना."

नासिएकूने फोनवर सांगितलं, वर हेही सांगितलं, "येऊ नकोस. ती तुझी परीक्षा बघतेय."

"बघू दे की. इतक्या परीक्षा नापास झालोय, अजून एक!"

"एकाल, ही थट्टा नाही. तुझ्याकडचे अडवतील, नाहीतर माझ्याकडचे."

"तू दारात असशील ना?"

"…असेन."

"मग झालं."

तो बाजाराच्या दिवशी आला. उन्हं डोक्यावर होती. पांढरा सदरा, एका पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. पेट्रोलपंपापाशी तो उतरला तेव्हा त्या बाजूची दुकानं गप्प झाली. तो रस्त्यावर आला तेव्हा या बाजूची गप्प झाली. कुबडीची टकटक तेवढी ऐकू येत होती. त्याच्या पाठून कुणीतरी तुर्कानात ओरडलं, आणि ते चांगलं काही नव्हतं. या बाजूने एक दगड आला आणि त्याच्या पुढ्यात पडून घरंगळत गेला. तो थांबला नाही. मग सांबुरूंच्या बाजूची दोन पोरं रस्त्यात उतरून त्याच्या वाटेत उभी राहिली, हात छातीवर बांधून.

रस्त्याच्या बरोबर मधोमध तो थांबला.

नासिएकू दारात होती. आई तिच्यामागे. नासिएकूने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित पाय उचलला नसता. ती उतरली, त्या दोन पोरांच्या मधून गेली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"थांबलास का?"

"दम खातोय," एकाल म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. "आणि… एक विचारायचं होतं. फोनवर धीर होत नव्हता."

"इथे होतोय?"

"इथे दुसरं काही करता येत नाहीये! त्या दिवशी तू जे म्हणालीस…"

"जीव वाचवायला म्हणाले."

"हं." त्याने मान खाली घातली. "मलाही तसंच वाटलं होतं."

"तुझा नाही, वेड्या," नासिएकू म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझा."

त्याने वर पाहिलं. असं पाहिलं, की तिला वाटलं, एवढ्या उन्हात, एवढ्या डोळ्यांसमोर आपण आता रडणार. पण रडण्याआधी एक काम होतं. ती आपल्या बाजूकडे वळली. घरांकडे, मामेभावांकडे, आईकडे. आणि मोठ्याने, माआत म्हणाली, "हा माझा होणारा नवरा आहे. कुणी दगड मारायचा तर मला मारा."

मग ती दुसऱ्या बाजूला वळली आणि तेच तुर्कानात म्हणाली. इस्पितळातल्या एका तुर्काना नर्सकडून चार दिवस घोकून घेतलेलं, धडपडतं, अडखळतं.

त्या बाजूच्या चहाच्या टपरीवरची एक जाडजूड बाई खो खो हसू लागली. तिच्याबरोबर दुसरी. मग बाकडंभर पुरुष.

"काय झालं?" नासिएकू गोंधळली. "काय म्हणाले मी?"

एकालचे ओठ आवळलेले होते, डोळे पाण्याने भरले होते, आणि तो हसतही होता. "तू म्हणालीस… ही माझी होणारी बायको आहे."

"अरे देवा!"

"असू दे. चालेल मला."

पाठीमागे पावलं वाजली. नासिएकू वळली. आई रस्त्यात उतरली होती. एकेक पाऊल जपून टाकत, जणू खाली चिखलाची पापडी होती, ती मधोमध आली. दोन्ही पोरं आपोआप बाजूला झाली. आईने एकालला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर प्लास्टरवर थांबली.

"हा कायमचाच लंगडणार?"

"नाही, आई. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांत…" नासिएकू घाईने म्हणाली.

"बरं, बरं. त्या बाजूने धर त्याला," आई म्हणाली, आणि त्याची कुबडी काढून घेऊन तिने स्वतःचा खांदा त्याच्या काखेत दिला.